पट्टीबाईंचा तिसरा बोर्ड

ऑफिसात तिला सगळे पट्टीबाई म्हणायचे. एक तर तिच्या टेबलावर स्टीलची पट्टी कायम पडलेली असे, आणि दुसरं म्हणजे बोलणंही तसंच, सरळ, कुठे वळण नाही. साहेबाच्या तोंडावर ती म्हणायची, "हे बसणार नाही." साहेब म्हणे, "बसव की कसंतरी." ती म्हणे, "कसंतरी बसवलेलं कसंतरीच चालतं. आणि त्या लिफ्टमध्ये तुम्ही चढणार नाही, दुसरं कोणीतरी चढणार."

लिफ्टचे कंट्रोल बोर्ड बनवणाऱ्या कंपनीत ती सर्किटांची मांडणी करायची. कोणता पार्ट कोणाला जोडायचा हे इंजिनिअर सांगायचे. पण तो पार्ट बोर्डावर नेमका कुठे बसेल, तांब्याची रेघ कुठून निघून कुठे पोचेल आणि वाटेत दुसऱ्या कोणालाही कशी शिवणार नाही, हे ठरवणं तिच्याकडे. सुरुवातीला हे काम ती हाताने, काळ्या चिकटपट्ट्या लावून करायची. मग कॉम्प्युटर आला, तेव्हा वर्गात पहिलं यायचं असल्यासारखं मांडणीचं सॉफ्टवेअर शिकली.

नवरा रेडिओ मेकॅनिक. दोघांची गाठ पडली ती सुट्या पार्टच्या दुकानात. तो काउंटरवर एक कपॅसिटर मागत होता आणि मागे उभी असलेली ही, ओळख ना पाळख, म्हणाली, "तो फुटेल. जास्त व्होल्टचा घ्या." त्याने घेतला नाही. दुसऱ्या आठवड्यात परत आला, तेव्हा भुवया अर्ध्या जळालेल्या होत्या. पुढे लग्न झाल्यावरही तो सांगायचा, "माझ्या भुवया गेल्या आणि बायको आली." चारचौघांत ती त्याला अहोजाहो करायची, घरात आणि दुकानात सरळ अरेतुरे. धाकट्या नणंदेला हे खटकायचं. "दादाला निदान माझ्यासमोर तरी अहो म्हण गं वहिनी." पट्टीबाई म्हणायची, "अहो म्हटलं की तो वळूनच बघत नाही. त्याला वाटतं तक्रार घेऊन गिऱ्हाईक आलं."

मुलगी कॉलेजच्या वयाला आली आणि इकडे कंपनीने मांडणीचं काम बाहेर द्यायला सुरुवात केली. पट्टीबाईंना निरोपाचा एक फुलांचा गुच्छ मिळाला. तिने तो रिसेप्शनच्या बाईला दिला, स्टीलची पट्टी पर्समध्ये टाकली आणि थेट नवऱ्याच्या दुकानात जाऊन बसली.

दुकानाच्या पाटीवर रेडिओ होता, पण आत रेडिओ येऊन जमाना झाला होता. यायची ती जुनी यंत्रं. दातांच्या डॉक्टरची खुर्ची, बेकरीच्या भट्टीचा टायमर, कुठल्या छापखान्यातलं कागद मोजायचं मशीन. आतला बोर्ड जळालेला, बनवणारी कंपनी बुडालेली. अशा वेळी तसाच बोर्ड हाताने बनवायचा, एकच, आणि तो बनवायचा स्ट्रिपबोर्डवर.

स्ट्रिपबोर्ड म्हणजे चाळणीसारखा भोकाभोकांचा खाकी बोर्ड. मागच्या बाजूला तांब्याच्या समांतर पट्ट्या. पुढून पार्ट खोचायचा, मागून कथिलाचा डाग द्यायचा. एका पट्टीवर जे जे येईल ते एकमेकांना आपोआप जोडलं जातं. नको असेल तिथे ड्रिलचा बिट चिमटीत धरून फिरवायचा आणि पट्टी तोडायची. हवं असेल तिथे तारेचा तुकडा टाकून एका पट्टीवरून दुसरीवर उडी मारायची. नवरा हे सगळं मनात मांडायचा आणि थेट तोडायला बसायचा. निम्मे बोर्ड कचऱ्यात जायचे.

पट्टीबाईंनी हे दोन दिवस बघितलं. तिसऱ्या दिवशी जुना कॉम्प्युटर दुकानात आणला. हजारो बोर्ड छापणाऱ्या कारखान्यांसाठी असलेलं ते सॉफ्टवेअर तिने या एकेका बोर्डासाठी वापरायला सुरुवात केली. पडद्यावर भोकांच्या अंतराची जाळी आखायची, खालच्या थरात आडव्या पट्ट्या, वरच्या थरात तारांच्या उड्या, तोडायच्या जागी लाल फुली. पार्ट सरकवून, फिरवून, पुन्हा पुन्हा बसवून बघायचे. नवरा म्हणाला, "डास मारायला तोफ आणलीस." ती म्हणाली, "पडद्यावर चुकलं तर पुसता येतं. तांब्यावर येतं का?"

पट्ट्यांना तिने अक्षरं दिली आणि भोकांना आकडे. ती पडद्यावरून वाचायची, तो हातातल्या बोर्डावर शोधायचा. "घ सात तोड." "तोडला." "ज बारावरून ठ बारावर तार." "टाकली." शेजारचा शिंपी विचारायचा, "तुम्ही दोघं दिवसभर पत्ते खेळता का?" त्यांच्या संसारातला तो सगळ्यात चांगला काळ होता. हे त्यांना तेव्हाही कळत होतं, आणि असं फार थोड्यांच्या बाबतीत होतं.

सुरुवात माउसपासून झाली. ती पार्ट एका भोकात बसवायला जायची आणि तो शेजारच्या भोकात पडायचा. तिने चष्मा बदलला. मग माउस बदलला. मग एकदा चहाचा कप हातातून निसटला, तेव्हा ती खाली पडलेल्या तुकड्यांकडे न बघता स्वतःच्या अंगठ्याकडे बघत राहिली. अंगठ्याच्या मुळाशी जो मांसल उंचवटा असतो, तो तिथे नव्हताच. सपाट झाला होता.

मज्जातंतूंच्या डॉक्टर एक तरुण बाई होत्या. त्यांनी सुया टोचून तपासण्या केल्या, पुन्हा केल्या, आणि मग दोघांना समोर बसवून सांगितलं. स्नायूंना हुकूम देणाऱ्या चेतापेशी एकेक करून मरतात. हात जातात, पाय जातात, मग बोलणं, गिळणं, शेवटी श्वास. बुद्धीला काही होत नाही. डोळे बहुतेक शेवटपर्यंत राहतात. औषध आहे ते फक्त थोडा वेळ लांबवायला.

टॅक्सीत ती रडली. मोठ्याने, ओढणी तोंडात कोंबून. ड्रायव्हरने आरसा वळवला. नवरा तिचा तो सपाट झालेला अंगठा दोन्ही हातांत धरून बसला. दुकानापाशी आल्यावर तिने तोंड पुसलं आणि म्हणाली, "कॉम्प्युटर लाव."

"आज?"

"आज बोटं आहेत."

तिने तीन बोर्ड काढायला घेतले. पहिला, हात गेल्यावर कोपराने दाबता येईल अशा मोठ्या बटणाची घंटा. दुसरा, हनुवटी टेकवली तरी वाजेल असा. तिसरा पापणीचा. चष्म्याच्या काडीवर एक बारीक अदृश्य प्रकाशाचा दिवा आणि शेजारी तो प्रकाश टिपणारा डोळा. पापणी मिटली की परत येणारा प्रकाश बदलतो, सर्किट ते ओळखतं आणि माउसचं बटण दाबल्यासारखा इशारा कॉम्प्युटरला देतं. पडद्यावर अक्षरं एकेक करून उजळत जातील, हवं ते अक्षर उजळलं की पापणी मिटायची. पण माणसाची पापणी तर सारखीच लवते. तेव्हा सहज लवली तर दुर्लक्ष आणि मुद्दाम मिटून धरली तरच इशारा, एवढी अक्कल सर्किटला पाहिजे. ते जमवायला तिला बराच वेळ लागला. पार्ट थोडे, पण बोर्ड चष्म्याच्या डबीत मावायला हवा म्हणून तिने ती मांडणी परत परत मोडली. बोट घसरायचं, ती शिवी हासडायची, पुन्हा सरकवायची.

नवरा चिडला. "हे आत्तापासून कशाला?"

"ले-आउट आधीच काढतात. पार्ट बसवल्यावर काढतात का?"

"कदाचित तिसरा लागणारच नाही."

तिने लाल फुली एका भोकाने डावीकडे सरकवली.

पहिला बोर्ड त्याने लगेच बनवला. दुसराही. त्या दोन्ही घंटा घरात इतक्या वाजल्या की नणंद म्हणाली, "वहिनी, राणीसारखी घंटा वाजवतेस, आता मुकुट तेवढा राहिला." नणंद तोवर राहायलाच आली होती. तिचं लग्न मोडून बरीच वर्षं झाली होती, शिवणकाम करायची. ती मशीन घेऊन आली आणि बाहेरच्या खोलीत मांडून बसली. वहिनीला उचलणं, न्हाऊ घालणं, भरवणं, सगळं तिने अंगावर घेतलं. मुलगी दुसऱ्या शहरात शिकत होती, सुट्टीला यायची.

तिसरा बोर्ड मात्र होईना. आधी एक पार्ट मिळत नाही म्हणाला. मग गिऱ्हाइकांची गर्दी आहे म्हणाला. पट्टीबाई विचारायची, "तिसरा?" तो म्हणायचा, "बघतो." पार्ट त्याच्याकडे आला होता. ड्रॉवरमध्ये होता. तो हातात घेऊन बसायचा आणि परत ठेवायचा. तो बोर्ड बनवायचा म्हणजे तो दिवस येणार हे कबूल करायचं, आणि ते त्याच्याच्याने होत नव्हतं.

दरम्यान तिचं बोलणं जड झालं. शब्दांच्या कडा झिजल्या. आधी शेजाऱ्यांना कळेना, मग फोनवर मुलीला कळेना, मग नणंदेलाही अंदाजाने घ्यावं लागे. फक्त नवऱ्याला सगळं कळायचं. कोणी आलं की तो तिच्या उजव्या हाताला बसायचा आणि ती काय म्हणाली ते सांगायचा. त्याला त्याचा अभिमानही वाटू लागला होता, खोटं कशाला बोला. बायकोचं बोलणं जगात फक्त आपल्याला कळतं, हे काही कमी सुख नव्हतं.

अशातच एकदा डॉक्टरबाई म्हणाल्या, "एक गोष्ट आता विचारून ठेवायला हवी. पुढे श्वास कमी पडायला लागेल. तेव्हा घशात छेद देऊन नळी घालता येते, मशीन लावता येतं. त्यावर माणूस पुष्कळ जगू शकतो. पण बाकीचा आजार थांबत नाही, आणि एकदा मशीन लावलं की काढण्याचा निर्णय फार अवघड होतो. तुम्हाला काय हवंय?"

पट्टीबाईंनी मान हलवायचा प्रयत्न केला, ती हलेना. तोंड उघडून काही बोलली. दोन अस्पष्ट आवाज, बस्स.

डॉक्टरबाईंनी नवऱ्याकडे बघितलं. "काय म्हणतायत?"

तो म्हणाला, "विचार करू म्हणते."

"ठीक आहे. घाई नाही."

पट्टीबाईंनी पुन्हा तेच दोन आवाज काढले, जोर लावून. गळ्याच्या शिरा ताणल्या. तो म्हणाला, "हो हो, करू ना विचार," आणि व्हीलचेअरचा ब्रेक काढला. नणंद भिंतीला टेकून उभी होती.

त्या दिवसापासून पट्टीबाई त्याच्याशी बोलली नाही. थोड्या आठवड्यांत बोलणं असंही संपलंच, पण ते संपायच्या आधी तिने त्याच्याशी बंद केलं. तो समोर आला की डोळे मिटून घ्यायची. नणंद आली की उघडायची. तो भरवायला बसला तर तोंड उघडायची, कारण भूक होती, पण डोळे बंद. एवढा एक दरवाजा तिच्या ताब्यात उरला होता आणि तो ती त्याच्या तोंडावर लावून घ्यायची.

शेवटी नणंदेने शिवणाचं मशीन थांबवलं. "दादा, इकडे ये. ‘नको’ म्हणाली होती ती."

तो मशीनवरचा दोरा गुंडाळायला लागला.

"मला तिचं फारसं कळत नाही, पण ते कळलं. तुला कळलं नसेल असं मला सांगू नकोस."

"नको म्हणाली तर मी काय करू? बघत बसू?" तो ओरडला. "श्वासाच्या मशीनवर का होईना, असेल ना ती घरात."

"घरात असेल. पण तुझ्याकडे बघेल का?" नणंद मशीनच्या चाकावर हात ठेवून म्हणाली. "तिला बोलायला तोंड दे, दादा. मग हवं ते भांड तिच्याशी."

तो दुकानात गेला आणि ड्रॉवर उघडला.

बोर्ड त्याने घरीच, तिच्या पलंगाशेजारच्या टेबलावर बनवला. मांडणी पडद्यावर लावून ठेवली. आता वाचून दाखवणारं कोणी नव्हतं, तोच वाचायचा, तोच शोधायचा. "च चार तोड," असं स्वतःशी पुटपुटायचा आणि तोडायचा. सगळं जोडून त्याने चष्मा तिच्या डोळ्यांवर चढवला, सेल लावला. बोर्डावरचा हिरवा दिवा लागला आणि लागलेलाच राहिला. तिने पापणी मिटली, उघडली, काही फरक नाही.

त्याने प्रीसेट, म्हणजे सर्किट किती बारीक हालचाल पकडेल ते ठरवणारा छोटा स्क्रू, फिरवला, तारा हलवल्या, डाग पुन्हा दिले. आयसी, म्हणजे मधली काळी चिप, बदलला. दिवा तसाच. दुपारभर तो त्या बोर्डावर वाकलेला होता. मग त्याचं लक्ष गेलं, ती डोळे उघडून बघत होती. त्याच्याकडे नाही. पडद्याकडे. आणि नजर हलत नव्हती.

"तुला कळलंय का काय झालंय?"

तिने पापण्या मिटल्या. हो.

तो उठला, पडद्यापाशी गेला आणि वरच्या पट्टीवर बोट ठेवलं. "क?" डोळे उघडे. "ख? ग?" एकेक पट्टी उतरत तो खाली आला. छ वर तिने डोळे मिटले. मग आकडे. पाच, सहा, सात, आठ. नऊवर मिटले.

"छ नऊ? तिथे तर तोडलंय मी."

ती छ नऊकडेच बघत राहिली.

त्याने भिंग घेतलं, बोर्ड खिडकीशी नेला. छ नऊला त्याने बिट फिरवला होता, भोक मोठं झालं होतं, तांबं गेलेलं दिसत होतं. पण भोकाच्या एका काठाला केसाएवढा तांब्याचा धागा राहिला होता. एवढ्याशा धाग्याने आयसीचे समोरासमोरचे दोन पाय जोडून टाकले होते. पडल्या पडल्या, दिवा कसा लागतोय एवढ्यावरून तिने ते ओळखलं होतं. त्याने ब्लेडच्या टोकाने धागा खरवडला. हिरवा दिवा विझला. तिने पापणी मिटून धरली, लागला. उघडली, विझला.

तो जमिनीवर बसला आणि पलंगाच्या कडेवर डोकं ठेवून हुंदके देऊन रडला. इतक्या दिवसांनी तिने त्याच्यासमोर डोळे उघडे ठेवले होते, ते एका चुकलेल्या भोकासाठी का होईना.

अक्षरांचा पडदा मुलीने सुट्टीत येऊन लावून दिला. पट्टीबाईंचं पहिलं वाक्य नणंदेला होतं. आजार वाढल्यापासून नणंद तिच्याशी ओरडून बोलायची, जणू पलीकडच्या इमारतीशी बोलतेय. पडद्यावर एकेक अक्षर उमटत गेलं: आवाज कमी कर. मी बहिरी नाही. नणंद हसली, हसता हसता तिला ठसका लागला आणि मग ती मोरीत जाऊन बराच वेळ नळ सोडून उभी राहिली. मुलीला तिने लिहिलं: केस विंचर. मुलीने आईचे केस विंचरले तर लिहिलं: तुझे. जोडाक्षराला तिप्पट वेळ लागायचा म्हणून ती जोडाक्षरं टाळायची. आयुष्यभर तिने शब्द सरळ वापरले होते, आता तर तिच्या भाषेतून सगळी गुंतागुंत गेली.

मग तिने लिहिलं: बाई बोलव.

डॉक्टरबाई घरी आल्या. पलंगाजवळ स्टुलावर बसल्या. नवरा दारात उभा होता, मुलगी आईच्या पायाशी. डॉक्टरबाईंनी तोच प्रश्न विचारला. पडद्यावर उजेड एका अक्षरावरून दुसऱ्यावर सरकत होता आणि खोलीत सगळे त्या उजेडाकडे बघत होते. न. ळ. त्यावर वेलांटी. नळी नको.

डॉक्टरबाईंनी वेगळ्या शब्दांत पुन्हा विचारलं. मशीन न लावता श्वास थांबेल, ते कळतंय ना? हो. त्रास होऊ नये म्हणून औषध देऊ, ते चालेल? हो. मत बदललं तर कधीही सांगा.

मुलगी म्हणाली, "आई, आणि मी?"

उजेड पुष्कळ वेळा फिरला, ती पापणी मिटेना. वाटलं दमली. मग अक्षरं येऊ लागली. तू रड. मग जेव.

मुलगी उठून बाहेर गेली. दार आपटलं. आत्याच्या कुशीत तिचा जो आवाज येत होता तो आत सगळ्यांना ऐकू येत होता, आईलाही.

डॉक्टरबाई गेल्यावर नवरा स्टुलावर बसला. "मी तेव्हा चुकीचं सांगितलं," तो म्हणाला.

खोटं बोललास, तिने लिहिलं.

"हो."

मग थोड्या वेळाने: राग आहे.

"असू दे," तो म्हणाला. तो उठायला लागला, त्याला वाटलं तिला एकटीला सोडावं. पण पडद्यावर आणखी अक्षरं उमटत होती, म्हणून थांबला. बस इथे.

तो बसला. पुढे जो काही काळ मिळाला त्यात तो बहुतेक तिथेच बसलेला होता. दुकान उघडलंच नाही. ती लिहायची ते अगदी साधं असायचं. पाठ दुखते. पंखा वाढव. शिंपी कसा आहे. एकदा लिहिलं, भुवया सांभाळ, आणि तो हसला. माफ केलं असं तिने कधी लिहिलं नाही, त्यानेही विचारलं नाही.

मग पापण्या थकायला लागल्या. मिटायच्या, पण पुरत्या नाही. सर्किटला ते कळेना. त्याने स्क्रूड्रायव्हर घेऊन प्रीसेट किंचित फिरवला, म्हणजे अर्धवट मिटलेलीही पकडली जाईल. दोन दिवस चाललं. पुन्हा फिरवला. मग आणखी. श्वास उथळ झाला होता, औषध सुरू झालं होतं, ती बहुतेक झोपेतच असायची. मुलगी शिकणं थांबवून घरी आली होती.

एका सकाळी तो चहाचा कप घेऊन आला तर पडद्यावर अक्षरं उमटत होती. त पा झ झ र. मध्ये जागा. मग ओ ग ल. तो घाईने स्टुलावर बसला. वाचू लागला. "झर? झरा? काय गं, पाणी हवंय?" अक्षरं येत राहिली. तो प्रत्येक अक्षराला काहीतरी शब्द लावून बघत होता. "तपासायला बोलवू का बाईंना? ओगल म्हणजे? उघड का? खिडकी?" त्याने खिडकी उघडली. मग बंद केली. तिचे डोळे अर्धवट उघडे होते, पापण्या नुसत्या थरथरत होत्या, आणि इतका खाली आणलेला प्रीसेट त्या थरथरीलाच इशारा समजत होता. हे त्याला कळत नव्हतं असं नाही. तो मेकॅनिक होता. सर्किट स्वतःच बडबडायला लागलं की काय होतं हे त्याने हजारदा पाहिलं होतं. तरी तो वाचत होता, ओठ हलवत, शाळेतल्या पोराने पहिला धडा वाचावा तसा.

नणंद दारात येऊन उभी राहिली. बराच वेळ तिने बघितलं. मग आत येऊन वहिनीच्या डोळ्यांवरचा चष्मा हळूच काढला. पडद्यावरची अक्षरं थांबली.

"ती बोलत होती," तो म्हणाला.

"नाही रे दादा," नणंद म्हणाली. आवाज अगदी कमी होता.

ती गेली त्याच दिवशी, ऊन कलताना. मुलीचा हात तिच्या केसांत होता. श्वास लांब लांब होत गेले आणि एकानंतर पुढचा आलाच नाही. वाट बघत तिघंही तिच्याकडे वाकलेली राहिली.

हॉस्पिटलने नंतर ती मांडणी मागितली, अशाच दुसऱ्या एका आजाऱ्यासाठी. मुलीने ती पाठवून दिली. कोणीतरी तो बोर्ड बनवला, तो चालला, असा निरोप आला. नवऱ्याने मान हलवली. दुकान पुन्हा उघडलं, पण एकच बोर्ड बनवायची कामं तो घेत नाही. दातांचे डॉक्टर खुर्ची घेऊन आले तर म्हणाला, "नवीन घ्या." आता तो बल्ब, वायर, सेल विकतो. शिंपी येऊन बसतो, दोघं रस्त्याकडे बघतात. मुलीने शिक्षण पुरं केलं आणि याच शहरात नोकरी धरली. नणंदेचं शिवणाचं मशीन बाहेरच्या खोलीतच आहे.

एकदा जेवताना मुलीने विचारलं. आत्या वाढत होती. कधीपासून मनात असणार मुलीच्या. "बाबा, आईला ते लिहिता आलं नसतं, तर तू नळी बसवली असतीस?"

"हो."

"मग?"

"मग ती असती आज." त्याने ताटातला घास तसाच चिवडला. "इथेच, आतल्या खोलीत. माझ्याकडे डोळे मिटून."

मुलीने पाण्याचा पेला बाजूला सरकवला. मग म्हणाली, "मला तेवढंही चाललं असतं."

"मलाही," तो म्हणाला.

नणंदेने दोघांच्या ताटात थोडं थोडं वाढलं आणि ती स्वतःचं ताट घेऊन त्यांच्याशेजारी बसली.